कुठला फोन घेऊ?

"मला नवा फोन घ्यायचाय, कुठला घेऊ ते येऊन सांगा," असा निरोप शिवणकाम करणाऱ्या आईने दोन्ही मुलांना धाडला होता. दीड वर्ष त्या दोघांमधून विस्तव जात नव्हता. आल्यावरही दोघं फक्त आईशीच बोलत होते.

"आयफोन घे, आई. वर्षानुवर्षं बघायला नको," थोरला म्हणाला.

धाकट्याला राहवेना. "तिला सवय अँड्रॉइडची आहे, दादा. या वयात सगळं नव्याने कशाला शिकवतोस?"

'दादा' ऐकलं आणि आईच्या हातातला दोरा सुईत जाता जाता राहिला.

मग कॅमेऱ्यावरून जुंपली, बॅटरीवरून आवाज चढले. "आण इकडे तुझं ते डबडं," म्हणत थोरला धाकट्याच्या शेजारी जाऊन बसला, तो उठलाच नाही. आईने मनातल्या मनात दोन्ही कंपन्यांना हात जोडले.

"मग काय ठरलं तुझं?" निघताना दोघांनी विचारलं.

"कुठलं काय, डोकं भणभणलं माझं. पुढच्या रविवारी परत या."

तेवढ्यात मशीनच्या खणात, अस्तराच्या कापडाखाली, महिन्यापूर्वीच घेतलेला नवा फोन घुरघुरला. आईने घाईघाईने मशीनवर पाय दाबला आणि नसलेलं कापड शिवायला घेतलं.