मष्णूच्या कढईतलं आम्ल

१९४३ साली अनगोळच्या हरिभाऊ मास्तरांच्या थोरल्या मुलीचं, कल्याणीचं, लग्न ठरलं. शालूसाठी घेतलेलं रेशीम मष्णू रंगाऱ्याकडे गेलं आणि पाचव्या दिवशी मष्णू स्वतःच ते घेऊन दारात उभा राहिला. रंग डाळिंबी हवा होता. लडीवर मात्र कुठं गर्द डाग होते, कुठं फिकट पट्टे.

"मास्तर, पंचवीस वर्सं झाली रंगवतोय. असं कधी झालं न्हाय," तो खाली मान घालून म्हणाला.

रंग धरायला तो कढईत शिरक्याचं, म्हणजे व्हिनेगरमधलं, आम्ल घालायचा. लढाईमुळे ते मिळेनासं झालं होतं, कॅनभर आम्लातलं तळाशी थोडंसं उरलेलं. "म्हणून निम्मं शिरक्याचं घातलं, निम्मं गंधकाचं. एक मवाळ, एक जहाल. दोन्ही मिळून मधलं कायतरी हुईल, न्हवं?"

मास्तरांची धाकटी मुलगी सरोजिनी बेळगावच्या कॉलेजात सायन्सला होती. ती आतून हसतच बाहेर आली. तिनं किती पाणी, किती चमचे असं सगळं विचारून घेतलं आणि पाटीवर गणित मांडलं.

"मामा, पाण्यात आंबटपणाचे कण सुटतात असं धरा. तुमचं हे निम्मं शिरक्याचं एकटं असतं तर चारशे पंधरा कण सोडतं. गंधकाचं तेवढंच घेतलं तर दहा हजार. आता दोन्ही एकत्र केली तर किती?"

"दहा हजार चारशे पंधरा."

"नाही. दहा हजार अठरा! गंधकाच्या कणांची एवढी गर्दी झाली की शिरक्याचं आपले कण सोडतच नाही, धरून बसतं. तुमची कढई मधली नव्हती मामा, नुसती जहाल होती. म्हणून रंग झपकन चढला, जिथं लागला तिथं."

मष्णू पाटीकडे बघत राहिला. "म्हंजे जावई घरात आला की सासरा गप्प, तसंच की."

हरिभाऊंना ठसका लागला.

सरोजिनीला आता जोर चढला होता. तिनं शिरक्याचं आम्ल पार बाजूला ठेवलं आणि गंधकाचं इतकं थोडं काढलं, की कढईचा पीएच त्या निम्म्या शिरक्याएवढाच, साधारण तीन दशांश चार यावा. अख्ख्या कढईला मोजके थेंब पुरणार होते. रविवारी ती मष्णूच्या रंगखान्यात गेली. सोबत प्रयोगशाळेतल्या सरांकडून मागून आणलेली, आम्लाप्रमाणे रंग बदलणाऱ्या दर्शकाची बाटली होती. दोन पेल्यांत स्वच्छ पाणी घेतलं, एकात शिरक्याचं आम्ल, दुसऱ्यात गंधकाचे थेंब. दर्शक टाकल्यावर दोन्ही पेले सारखेच हिरवट पिवळे झाले.

"बघा! तंतोतंत."

मष्णूनं एक वेगळी लहान लडी तिच्या हिशेबाच्या कढईत सोडली. रंग सुरेख, एकसारखा चढू लागला. सरोजिनी खुश झाली. पण अर्ध्या तासात रंग चढायचा थांबला. पाणी लालच राहिलं आणि लडी गुलाबीवर अडकली.

"दमलं गं तुजं पाणी," मष्णू म्हणाला.

"असं कसं होईल? पीएच तोच आहे!"

मष्णूनं दर्शक न घातलेल्या दोन पेल्यांत पुन्हा तीच पाणी करून घेतली आणि दोन्हींत बोट बुडवून जिभेला लावलं. रंगारी लोक पूर्वापार असंच पारखायचे. "ह्ये शिरक्याचं आंबट हाय. ह्ये तुजं न्हाय. नुसतं पाणीच म्हण की."

"मामा, दर्शक खोटं बोलेल का?"

"आन् माजी जीभ खोटं बोलंल व्हय? तूच बघ."

तिनं चाखलं. मष्णूचं खरं होतं. सरोजिनी रागारागानं कट्ट्यावर जाऊन बसली. दोन्हींत मोकळे कण सारखेच, मग जिभेला फरक का कळावा? ती एकदम उठली, बिनरंगाच्या पांढऱ्या रेशमाच्या दोन लडी मागितल्या आणि एकेका पाण्यात एकेक उकळून काढली. नंतर दोन्ही पाण्यांत दर्शक टाकलं. शिरक्याचं पाणी अजून हिरवट होतं. गंधकाचं चक्क निळं झालं होतं. त्यातलं आम्ल संपलं होतं.

"रेशीम आम्ल पितं, मामा! माझ्या कढईत होते तेवढे कण पिऊन टाकले, मागं काही नाही. शिरक्याचं धरून बसतं ना, तेच कामाला येतं. पहिले कण संपले की ते हळूहळू नवे सोडत राहतं. तुमच्या जिभेला हा साठा कळला, मला नाही कळला."

"मग दोन्ही पायजेत म्हण की."

"दोन्ही पाहिजेत. पण निम्मं निम्मं नाही."

या वेळी दोन्हींपैकी कुठल्याच आम्लाकडे दुर्लक्ष करून चालणार नव्हतं, कारण दोन्हींचे कण हिशेबात धरण्याजोगे होते. तिनं वर्गसमीकरण मांडलं, दोनदा चुकली, पदरानं पाटी पुसली. उत्तर आलं तेव्हा तिनं टाळीच वाजवली. शिरक्याचं नेहमीच्या चौथाई आणि गंधकाचे तेच मोजके थेंब घेतले, तर पीएच तीन दशांश दोन पाच. मष्णूच्या नेहमीच्या भरपूर शिरक्याच्या कढईचा तीन दशांश दोन तीन, म्हणजे जवळजवळ तोच. कॅनच्या तळाशी उरलेलं शिरक्याचं आम्ल एवढ्यात कल्याणीच्या रेशमाला पुरत होतं.

मष्णूनं डागाळलेलं रेशीम साबणात उकळून रंग उतरवला आणि नव्या कढईत सोडलं. दोघंही कढईशेजारी उभी राहिली. लाल पाणी फिकं होत होत शेवटी जवळजवळ नितळ झालं आणि काठीवर डाळिंबी लडी वर आली, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच रंग.

"लई झ्याक!" मष्णू ओरडला. मग हळूच म्हणाला, "सरू, किती थेंब त्ये मला कानडीत लिहून दे. मराठी वाचताना मी अडखळतो, आन् थेंबात चूक नको."

तिनं तिथंच कागद मागितला.