दोन बंद रस्त्यांमधली भिंत

मित्रांनो, मी एक जुनी कंपाउंड भिंत आहे. जुनी म्हणजे पंधराएक वर्षांची. जळगावच्या वाढत्या वस्तीत एवढ्या वयाला ऐतिहासिक म्हणतात.

माझ्या जागी आधी शेताचा बांध होता. त्यावरून कुणीही इकडून तिकडे जायचं. अडाणी काळ होता. मग शहर वाढलं. अलीकडच्या केळीच्या बागेत एक कॉलनी झाली, पलीकडच्या कापसात दुसरी. दोन्हींचे रुंद सिमेंटचे रस्ते अगदी समोरासमोर आले आणि मला टेकून थांबले. प्रत्येक नकाशा आपल्या हद्दीपुरता बिनचूक होता. पलीकडचे सुगनचंद शेठ माझ्यावर हात ठेवून म्हणायचे, "आता सेफ वाटतं." मी आणखी ताठ व्हायचे. पुढे माझ्यावर क्लासच्या जाहिराती रंगल्या आणि कौतुक संपलं.

अलीकडे सुंदरबाई अक्का राहतात. दर उन्हाळ्यात त्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, करतात. ज्वारीच्या पिठाचा शिजवलेला घाट गरम असतानाच थापावा लागतो आणि त्याला पुष्कळ हात लागतात. ते हात राहतात पलीकडच्या कॉलनीत. हाकेच्या अंतरावर, पण यायचं हायवेवरून वळसा घालून. गेल्या वर्षी बाया पोचेपर्यंत घाटाचा दगड झाला. "यंदा फसलं तर बिबड्या कायमच्या बंद," असं अक्कांनी जाहीर केलं होतं.

यंदा घाट शिजला आणि नेमका हायवे जाम झाला. अक्का स्टुलावर चढल्या. पलीकडे शेठ झाडांना पाणी घालत होते.

"शेठ, बठ्ठ्या बाया तुम्हना गेटवर उभ्या शेतस. घाट थंडा व्हई जाई. चार विटा काढा."

"अक्का, चोर शिरतील."

"चोर गेटमधून येतस. त्यास्ले गाडी लावाले जागा लागस."

शेठ पाणी घालत राहिले.

"बरं. मग यंदा बिनलसणाच्या बी नहीत."

बिनलसणाच्या बिबड्या अक्का फक्त शेठजींच्या घरासाठी वेगळ्या करतात. शेठजींनी नळ बंद केला. "चेलना, पहार आण."

"पप्पाजी, आधी सोसायटीची मीटिंग?" सून म्हणाली.

"मीटिंग संध्याकाळी घेऊ. घाट आत्ता आहे."

मला वाटलं होतं, दुखेल. दुखलं नाही, वारा आला. खिंडारातून बाया पदर खोचून एकेक वाकत आल्या. दुपारपर्यंत वाळवणाच्या बाजा भरल्या. चेलनाच्या बिबड्या वाकड्या होत्या, पण वाळल्या.

आता तिथून दप्तरं जातात, दूधवाला जातो आणि चहाच्या वेळी शेठ जातात. परवा एक साहेब नकाशे घेऊन पाहणी करून गेले. दोन्ही नकाशांत मी अखंड असल्यामुळे त्यांना खिंडार दिसलं नाही.

मित्रांनो, शहर वाढणारच आणि उद्याचे नकाशे तुम्हीच काढणार. हद्दीची रेघ ओढण्याआधी पलीकडे कोण राहतं, एवढं विचारा. आणि माझी काळजी वाटत असेल, तर उरलेल्या विटा ढासळू देऊ नका. खिंडार मात्र बुजवू नका. तेवढ्या जागेपुरती मी आता रस्ता आहे.