दोन राण्यांचा डाव

दादाने आपल्यापुढची सगळी बटणं दोन्ही तळहातांनी टेबलाच्या मधोमध लोटली, खुर्चीत मागे रेलला आणि शीळ घालू लागला.

"बघते," आत्या म्हणाली.

"अगं, विचार तरी कर. सगळीच्या सगळी लावलीत मी."

"तुझी शीळ वाजली की माझा विचार संपतो. दाखव."

दादाने पत्ते उलटे केले. किलवरची सत्ती आणि इस्पिकची चौवी. एकमेकांशी ओळखपाळखही नसलेले दोन पत्ते. आत्याकडे दश्शीची जोडी होती. तिचं उजवं मनगट अजून पट्ट्यात होतं, म्हणून तिने दादाची बटणं कोपराने, टेबल पुसल्यासारखी, आपल्याकडे ओढली.

"तू विमा कसा विकतोस रे? गिऱ्हाइकं दया येऊन घेत असणार."

"मी हेच म्हणत असते, आत्या," वहिनी म्हणाली. ती खेळत नव्हती, फक्त पत्ते वाटत होती, आणि नवऱ्याची दाणादाण उडालेली बघायला मिळतेय म्हणून मोठ्या आनंदाने वाटत होती.

आता डावात दोघीच उरल्या. आत्या आणि धाकटी.

डावावर लागली होती ती आत्या स्वतःच. तीन आठवड्यांपूर्वी ती न्हाणीघरात घसरली, मनगट मोडलं, आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंना तिची हाक ऐकू जाईपर्यंत दोन तास फरशीवर पडून राहिली. घर चौथ्या मजल्यावर. लिफ्ट तिच्या मनात आलं तर चालायची. तेव्हापासून दर रविवारी दादा आणि धाकटी यायचे, आत्याचं काय करायचं यावर बोलायचे, आणि भांडून उठायचे. दादाने एका संस्थेचं गुळगुळीत कागदावरचं माहितीपत्रक आणलं होतं. त्यात बाग होती, कारंजं होतं, आणि पानोपानी एकच म्हातारा वेगवेगळे शर्ट घालून हसत होता. धाकटीला आत्याला आपल्या घरी न्यायचं होतं. आत्याला यातलं काहीच नको होतं.

"माझ्यावर माझ्याच घरात मीटिंग भरवायची नाही," तिने आज दार उघडताच सांगून टाकलं होतं. "पत्ते काढा. दादा जिंकला तर जाईन मी त्या हसऱ्या म्हाताऱ्याच्या बागेत. धाकटी जिंकली तर तिच्याकडे. मी जिंकले तर वर्षभर या विषयावर कोणी ब्र काढायचा नाही."

आत्याला पोकर शिकवला होता तिच्याकडे एकेकाळी भाड्याने राहणाऱ्या जहाजावरच्या इंजिनिअरने, आणि तिने तो शाळेच्या सुट्टीत या दोघा भावंडांना शिकवला. प्रत्येकाच्या हातात दोन झाकलेले पत्ते. टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच उघडे, आधी तीन, मग एक, मग एक. दर वेळी बोली. बोलीला वरची मर्यादा नाही. हवं तेव्हा, हवं तेवढं, अगदी होतं नव्हतं तेवढं सगळं पुढे ढकलता यायचं. "मर्यादा घातली की माणसाचा स्वभाव कळत नाही," आत्या म्हणायची. चौतीस वर्षं तिने बँडवाल्यांपासून चौकीदारांपर्यंत सगळ्यांचे गणवेश शिवले होते, त्यामुळे बटणांना या घरात तोटा नव्हता. पांढरं शर्टाचं बटण म्हणजे एक, काळं कोटाचं दहा, पितळी पंचवीस.

तासाभरात धाकटीने हळूहळू आत्याची बरोबरी गाठली. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. काच फ्रेममध्ये बसवायची तर केसभर घासायची, लावून बघायची, पुन्हा केसभर. कारण जास्त घासली गेलेली काच परत वाढत नाही. बावन्न वर्षांची झाली तरी ती सगळ्यांची धाकटीच होती, आणि पत्तेही तशीच खेळायची. दोन बटणं. मग तीन. बघू. मग चार.

"ही खेळतेय की वरणाला फोडणी देतेय कळत नाही," दादा म्हणाला. हरल्यापासून तो बिस्किटांच्या डब्याजवळ जाऊन बसला होता. "चिमूट चिमूट."

"तू गप्प बस. तुझं सगळं पातेलं उलटून झालंय," वहिनी म्हणाली आणि नवे पत्ते वाटले.

धाकटीने पत्त्यांचे कोपरे अंगठ्याने उचलले. इस्पिकची राणी. चौकटची राणी.

तिने बिस्किटाकडे हात नेला आणि न घेताच मागे आणला. आत्याने दहा लावली, धाकटीने वीस. आत्याने चाळीस केली, आणि बघता बघता मध्ये बटणांचा असा ढीग झाला की दोघींकडे मिळून जेवढी उरली होती, तेवढीच तिथे होती. वहिनीने तीन पत्ते उघडले.

बदामची दश्शी. बदामची नव्वी. किलवरची छक्की.

धाकटीच्या दोन राण्या अजून सगळ्यांच्या वर होत्या. बहुतेक तरी होत्या. पण ते तीन पत्ते तिला आवडले नाहीत. आणखी एक बदाम आला तर आत्याचे पाच बदाम जुळायचे, पंचाईत. गुलाम आला, अठ्ठी आली तर ओळीने पाच लागायचे, तरी पंचाईत. राजा किंवा एक्का आला तर निम्मी पंचाईत. आत्ता या क्षणी ती पुढे होती, आणि जो कुठला पत्ता आता उलटला जाणार होता तो तिचं वाईटच करायची शक्यता होती, भलं करायची फारशी नव्हती. तिला एकदम न्हाणीघरातली फरशी आठवली. या वेळी मनगटावर भागलं होतं.

"तुझी बोली," आत्या म्हणाली.

धाकटीने पाच पांढरी बटणं मोजली. बोट त्यांच्यावरच राहिलं.

"पाच?" आत्याने चष्म्यावरून पाहिलं. "ढिगात दोनशे आहेत आणि तू पाच लावणार?"

"अजून लावली नाहीत."

"पाचात मी पुढचा पत्ता बघेन, त्याच्या पुढचाही बघेन, आणि आवडला तर तुला सोलून काढेन. चांगला पण नाजूक हात आला की समोरच्याला स्वस्तात बसू द्यायचं नसतं. किती वेळा सांगितलं?"

"पुष्कळ वेळा."

"तुझं सगळंच तसलं. तीन वर्षं मला बोलावतेयस. 'वाटलं तर ये, आत्या.' 'जमलं तर राहा चार दिवस.' असं बोलावलं की नाही म्हणायला माणसाला काय पडतं? काहीच नाही."

"तुला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून म्हणते मी."

"मला? की तुला?"

वहिनी हातातल्या गठ्ठ्याकडे बघत राहिली. दादा बिस्कीट चावायचा थांबला. खाली कुणीतरी लिफ्टचं दार तीनदा आपटलं आणि मग जिन्याने चढायला लागलं.

धाकटीने पाच बटणं परत आपल्या ढिगात टाकली. मग तिने दोन्ही हात टेबलावर आडवे ठेवले आणि पांढरी, काळी, पितळी, सगळी एकदम पुढे लोटली. एक पितळी बटण गडगडत टेबलाखाली गेलं. ती खुर्चीवरून उतरली, गुडघ्यांवर बसून ते शोधलं, वर आली आणि तेही ढिगावर ठेवलं.

"सगळी," ती म्हणाली. केसांना जळमट लागलं होतं. "आणि ये तू आत्या. वाटलं तर वगैरे नाही. मला तू घरी हवी आहेस. दुकानातून येते तर कुलूप उघडायचा कंटाळा येतो मला. दार आतून कुणीतरी उघडावं, उशीर झाला म्हणून बोलावं. ये."

"पत्ते खेळताना बोलायचं नसतं," आत्या म्हणाली.

तिने आपले दोन पत्ते उचलले. पाहिले. ठेवले. उघड्या तीन पत्त्यांकडे पाहिलं, मग धाकटीकडे. कपातला उरलेला थंड चहा प्यायली. दादाने एकदा घड्याळाकडे पाहिलं आणि वहिनीने त्याच्या पोटरीवर लाथ मारली.

"सगळी लावलीस," आत्या म्हणाली.

"हो."

"एक्का आला तर?"

"येऊ दे."

आत्याने दोन्ही पत्ते पालथेच साखरेच्या भांड्याजवळ सरकवले.

"घे. नाही जमत."

"म्हणजे?" दादा उठून उभा राहिला. "म्हणजे काय? संपलं?"

"अजून शंभर बटणं आहेत तुमच्याकडे, आत्या," वहिनी म्हणाली. "अजून खेळता येईल."

"असली उरलीसुरली बटणं घेऊन मी खेळत नाही. मनगटही ठणकतंय." आत्याने आपला ढीगही पुढे ढकलला. "हरले मी. झालं समाधान? एका म्हातारीला, एका हाताने खेळणाऱ्या बाईला, दिवसाढवळ्या लुटलंत. आणि ऐका, हरले म्हणून जातेय. कुणाच्या आग्रहाला बळी पडून नाही. सगळ्यांना असंच सांगायचं."

"असंच सांगू," धाकटी म्हणाली.

"तुझ्याकडे काय होतं?"

धाकटीने राण्या उलट्या केल्या.

"हं," आत्या म्हणाली. "बरोबर खेळलीस. पहिल्यांदाच."

दादाचा हात साखरेच्या भांड्याकडे गेला. आत्याने त्यावर डाव्या हाताने फटकन चापट मारली.

"अगं, बघू तरी दे तुझे पत्ते!"

"बघायचे तर किंमत मोजायची असते. तुझी शीळ घालण्यातच संपली." ती टेबलाचा आधार घेऊन उठली. "मी तोंड धुऊन येते. सूनबाई, तो हसरा म्हातारा तेवढा केराच्या डब्यात टाक."

ती आत गेली. दादा लिफ्ट चालू आहे का बघायला बाहेर गेला आणि जिन्यातून कुणाशी तरी लिफ्टबद्दल वाद घालू लागला. वहिनी कप विसळायला ओट्याशी गेली. धाकटी बटणं डब्यात भरत होती. टेबल आवरायचं म्हणून तिने उघडे तीन पत्ते गठ्ठ्यावर ठेवले, मग साखरेच्या भांड्याजवळचे दोन उचलले, आणि उचलताना ते वळले.

इस्पिकची छक्की. चौकटची छक्की.

टेबलावर तिसरी पडलेलीच होती. दोन राण्यांपेक्षा तीन छक्क्या मोठ्या, हे तिला या टेबलावर नवव्या वर्षी शिकवलं गेलं होतं. शिकवणारीला ते विसरायला झालं असेल असं मानायला काही जागा नव्हती. धाकटी पुढे होती असं तिला वाटत होतं तेव्हा ती पुढे नव्हती. ते तीन पत्ते उघडले तेव्हापासूनच नव्हती.

"काय होतं गं तिच्याकडे?" दादा दारात उभा होता. "बघितलेस ना? मी पाहिलं तुला बघताना."

धाकटीने दोन पत्ते गठ्ठ्यात मधोमध खुपसले आणि पिसायला सुरुवात केली. एकदा, दोनदा, तीनदा.

"राजा आणि तिर्री," ती म्हणाली. "काहीच नाही."

"म्हणजे माझ्यासारखंच! आणि मला विम्यावरून बोलत होती." दादाला फार बरं वाटलं. तो पुन्हा लिफ्टकडे गेला.

न्हाणीघराचं दार अर्धवट उघडं होतं.

"धाकटे," आतून आत्याचा आवाज आला. "तुझ्या त्या मागच्या खोलीच्या दाराची रुंदी किती आहे?"

"माहीत नाही. तीस-बत्तीस इंच असेल. का गं?"

"एकतीस आहे. पलंग आडवा करून न्यावा लागेल."

धाकटीचे हात थांबले.

"तू कधी मोजलीस?"

आत नळ सुटला, जरा जास्तच जोरात, आणि बराच वेळ वाहत राहिला.