शून्यावर येणारी दुर्बीण

बाळकृष्णरावांनी रायफलीतून पाचवा छर्रा सोडला आणि मान वर न करताच विचारलं, "कुठे लागला?"

"निशाना तो बच गया जीजाजी, पीछे का तख़्ता शहीद हो गया," हिमानी म्हणाली.

चिनहटकडच्या त्या लहानशा नेमबाजी क्लबात दोघं दुपारपासून बसले होते. बाळकृष्णराव रेल्वेतले निवृत्त इंजिनीअर. हिमानी त्यांच्या बायकोची, कांचनची, मैत्रीण. दोघी एकाच बँकेत होत्या आणि अकरा वर्षं जोडीनं स्पर्धेत उतरायच्या. तेवढ्या सहवासात हिमानीला मराठी सगळं कळायला लागलं होतं. उत्तर मात्र हिंदीतच. त्या स्पर्धांना बाळकृष्णरावांचं काम चहाचा थर्मास धरायचं आणि गुण लिहायचं.

कांचनला जाऊन आठ महिने झाले होते. जानकीपुरमच्या घरात एकट्यानंच भिंतींशी बोलायला लागलेल्या या माणसाला हिमानीनं ओढून बाहेर काढलं. रविवारी जोड्यांची स्पर्धा होती, कांचनच्या जागी त्यांनी बसायचं. नावं आज पाचपर्यंत टेबलापाशी बसलेल्या मोहनजींकडे द्यायची होती, आणि चार वाजून गेले होते.

त्यांना नीट दिसावं म्हणून रायफलीवर कालच नवी दुर्बीण बसवली होती. तिच्या डोक्यावर एक चकती, उजव्या कुशीला दुसरी. चकती फिरवली की टिकटिक वाजते आणि नेम सरकतो. चकतीवर शून्यापासून आकडे, आणि खाली नळीवर एक पांढरी रेघ.

गंमत अशी, की हिमानीनं चकत्या फिरवून नेम बसवून मारलं की छर्रा मधोमध. तीच रायफल बाळकृष्णरावांनी घेतली की चार बोटं खाली. तीनदा झालं हे.

"दुर्बीण चांगली आहे," ते शेवटी म्हणाले. "तुम्ही मारता तेव्हा लागतंय ना? माझेच डोळे गेलेत. मोहनजींना सांगा, माझं नाव नको. दुसरा जोडीदार बघा."

"अच्छा! इतनी जल्दी? दीदी तो पहले साल मेरे ही काग़ज़ पर मार आई थीं।"

बाळकृष्णरावांना हसू आलं. "ठाऊक आहे. गुण मीच लिहिले होते. शून्य."

"तो एक बार और।" हिमानीनं चौथ्यांदा नेम बसवला, एक छर्रा मधोमध मारला आणि जागा सोडली. या खेपेला मात्र तिनं निशाण्याकडे पाहिलं नाही, त्यांच्याकडे पाहिलं.

बाळकृष्णरावांनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा पुसला, वरच्या चकतीकडे पाहिलं. रेघेसमोर सात होते. त्यांनी जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं आणि दोन बोटांनी टिकटिक करत चकती शून्यावर आणली.

"रुकिए! ये क्या किया?"

"काय केलं? शून्यावर आणली."

"हर बार लाते हैं?"

"म्हणजे काय! सदतीस वर्षं ज्युनिअर लोकांना हेच शिकवलं. माप घेण्याआधी यंत्र शून्यावर. सातवर ठेवून कामाला बसायचं म्हणजे अंगाला खाज सुटते हो."

हिमानीनं कपाळावर हात मारला. "हे भगवान! वो सात घर घुमाकर ही तो निशाना बैठाया था! मैं घंटे भर से बना रही हूँ, आप बिगाड़ रहे हैं!"

बाळकृष्णराव असे हसले की पलीकडचा माणूस नेम सोडून वळून पाहायला लागला. आठ महिन्यांत ते असे हसले नव्हते.

पण इंजिनीअर तो इंजिनीअर. "चूक माझी, मान्य. तरी आकडेही चुकीचेच. नेम बसला की तिथे शून्य दिसायला हवं." त्यांनी चकतीच्या कडेनं बोट फिरवलं. तीन बारीक स्क्रू लागले. "हे बघा! आकड्यांची टोपी वेगळी आहे, आतला दांडा वेगळा. तुम्ही नेम बसवा, मी टोपी बघतो."

हिमानीनं पुन्हा नेम बसवला. त्यांनी खोक्यातल्या चावीनं स्क्रू सैल केले, टोपी मोकळी केली आणि एकही टिकटिक होऊ न देता शून्य रेघेसमोर आणलं. स्क्रू आवळले. बाजूच्या चकतीचंही तसंच केलं.

आता दोन्हीकडे शून्य. त्यांनी पाच छर्रे सावकाश मारले. चार काळ्या गोलात, एक काठाला.

"आँखें तो ठीक हैं जीजाजी, दिमाग़ का इलाज कराइए।"

पाचला दहा मिनिटं कमी असताना ते स्वतः टेबलापाशी गेले. "मोहनजी, लिखिए। हिमानी और बाळकृष्ण।"

परत येऊन पाहतात तो हिमानी रायफल पिशवीत घालत होती.

"ठेवा, ठेवा," ते खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "अजून उजेड आहे. घरी जायची घाई कुणाला आहे?"