ला वेराची धुरावलेली मिरची

आमच्या कार्बायीन्योच्या बाजारात गिऱ्हाईक भांडत नाही. चव बिघडली तर ते गप्प उठतं आणि पुढच्या बाजारी शेजारच्या हंड्यापाशी जाऊन बसतं. एदेलमिरा मावशीच्या ऑक्टोपस शिजवायच्या तांब्याच्या हंड्यापुढची बाकडी अशीच रिकामी होत गेली. ऑक्टोपस तोच, तेल तेच, खडेमीठही तेच. वर भुरभुरायची लाल मिरचीपूड तेवढी बदलली होती. व्यापाऱ्याने धुरावर वाळवलेल्या मिरचीत भट्टीत वाळवलेली मिसळली होती.

"दुसरा व्यापारी बघ," मी म्हटलं.

"आणि त्यानेही मिसळली तर? मिरची जिथे वाळते तिथेच जायचं. गाडी काढ, इरिया."

साठी ओलांडलेली ही बाई आमच्या गालिसिया प्रांताबाहेर कधी गेली नव्हती. धुरावरची मिरची जिथली, ते ला वेरा कुठे आहे, हे तिने गाडीत बसल्यावर विचारलं. मागे छोटा हंडा, बर्फाच्या पेटीत दोन ऑक्टोपस आणि घरच्या पाण्याचे कॅन होते. परक्या पाण्यात ती शिजवत नाही.

सामोराजवळ डोंगर संपले आणि कापणी झालेली पिवळी जमीन क्षितिजापर्यंत पसरली. मावशीने काच खाली केली. "इथली झाडं कुणी चोरली गं?"

दुपारी तिथे डुकराच्या कानाचा भात खाल्ला. तिने ताटली पुसून खाल्ली, मग स्वयंपाकघरात शिरून विचारलं, "पूड कुठली?"

"ला वेराची."

"ते सगळेच सांगतात. कुणाची?"

सालामान्काच्या पुढे ओकच्या झाडांखाली काळी डुकरं खाली पडलेली फळं खात होती. तिथे मांस भरलेला पाव घेतला, पुन्हा तोच प्रश्न. बेहारच्या खाणावळीत बटाट्याचं भरीत आलं. पहिला घास घेतला आणि मावशीने चमचा खाली ठेवला. "हीच." खाणावळवालीने नाव सांगितलं: हाराइस गावचा निकासिओ. "पण ही मागच्या वर्षीची हं," ती म्हणाली.

घाट उतरलो तर खाली ला वेराच्या खोऱ्यात कौलांमधून धूर निघत होता.

निकासिओ काठी टेकत दारात आला. त्याच्या वाळवणघरात खाली ओकच्या लाकडांचा मंद जाळ आणि वर फळ्यांच्या माळ्यावर मिरच्यांचा थर. रोज वर चढून तो थर हाताने उलटावा लागतो, दोन आठवडे.

"गालिसियाहून? त्या ऑक्टोपसच्या रबरासाठी?" तो हसला. "पहिला घाणा दळून आलाय. हवी तेवढी न्या."

"आधी रबरावर घालून बघते."

मावशीने अंगणात हंडा ठेवला. उकळत्या पाण्यात ऑक्टोपस तीनदा बुडवून वर काढला, मग सोडला. शिजल्यावर कात्रीने कापून लाकडी ताटलीत मांडला, मीठ, नवी पूड, तेल. निकासिओच्या बायकोने, कासिल्दाने, पहिला तुकडा उचलला. मावशीने दुसरा. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"कडू आहे," मावशी म्हणाली. "एका बाजूने जळलीय."

"बाई, माझा जन्म गेला या धुरात! खालून नुसता वास घेतला तरी कळतं मला, वर काय चाललंय ते."

"जन्म गेला म्हणूनच कळत नाही तुला," कासिल्दा म्हणाली. "गुडघा गेल्यापासून शिडी चढलायस का? मी चढते म्हटलं तर म्हणे, बायकांचं काम नाही. घे, खा आता."

त्याने खाल्लं. बराच वेळ चावत राहिला. मग काठी वाळवणघराकडे रोखली. "आत दुसरा घाणा आहे. आजच वर चढवलाय. शेवटचाच."

"मग तो वाचवू," मावशी म्हणाली. "चांगला निघाला तर माझी पोती त्यातून. शिडी कुठे आहे?"

मी तिला बाजूला ओढलं. रविवारी बाजार होता. आमच्याकडे जागेला कागद नसतो, ज्याचा हंडा पेटतो त्याची जागा. आम्ही गेलो नाही तर शेजारची दोसिंदा तिची बाकडी आमच्या जागेत सरकवणार, आणि ती मागे कधीच सरकणार नव्हती.

"म्हणून तर तू जाणार आहेस," मावशी म्हणाली.

"मी? मी कधी एकटीने शिजवलं नाही. आणि पूड?"

"पूड नाही. मीठ आणि तेल. विचारलं तर सांग, वाळतेय."

रविवारी मी हंडा पेटवला. पहिला ऑक्टोपस नीट जमला नाही, साल सुटली. दोसिंदा तिकडून ओरडली, "काय गं, म्हातारी पळाली वाटतं? आणि हे पांढरं काय विकतेस, आजाऱ्यांना?"

"पूड वाळतेय," मी म्हटलं.

चार माणसं बसली. त्यातले दोघे हसायलाच आले होते. पण संध्याकाळपर्यंत जाळ विझू दिला नाही, आणि दोसिंदाची बाकडी तिच्याच जागेत राहिली. त्याच्या पुढच्या बाजारीही तसंच केलं. या वेळी साल तेवढी टिकली.

तिसऱ्या बाजाराच्या सकाळी मावशी बसमधून उतरली. डोळे लाल, केसांना धुराचा वास, तळहात मिरचीने रंगलेले. मागून ड्रायव्हर पोती उतरवत होता.

"निकासिओ काय म्हणाला?" मी विचारलं.

"कासिल्दा वर चढते आता. तो खालून शिव्या घालतो." तिने एप्रन कमरेला आवळला आणि हंड्यात डोकावली. "पाणी कमी आहे."

दुपारी सेव्हेरीनो आला. वीस वर्षं आमच्याकडे खाऊन हा उन्हाळ्यात दोसिंदाकडे गेला होता. आमच्या बाकड्यावर बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली. मावशीने त्याच्यापुढे ताटली ठेवली आणि बघितलंसुद्धा नाही. त्याने पाव तेलात बुडवून लाकडी ताटली कोरडी होईपर्यंत पुसली.

मग दोसिंदाच्या बाजूला वळून त्याने हात हलवला, आपल्या मित्रांना इकडे बोलावलं.

मावशी म्हणाली, "इरिया, उरलेली बाकडी मांड."