आजीची कीस

वृंदाबाईंचं परतीचं विमान शनिवारी होतं आणि आठ वर्षांच्या नातीच्या तोंडून एक अख्खं मराठी वाक्य ऐकायचं अजून राहिलंच होतं. संहिताला सगळं कळायचं, उत्तर मात्र डचमध्ये, नाहीतर इंग्रजीत. सुरुवातीला मोडकंतोडकं बोलायची ती. पण बत्तीस वर्षं मराठी शिकवलेल्या वृंदाबाईंना चुकीचं ऐकवत नसे. "माझा सायकल" म्हटलं की "माझी". "मी गेला" म्हटलं की "गेले". दोन आठवड्यांत पोरीनं मराठीला कुलूप घातलं.

पुण्याहून दामोदरराव फोनवर म्हणाले, "अगं, शब्दाचा कीस पाडणं सोड. बोलू दे तिला."

"कीस कसला? चूक ती चूक," वृंदाबाई नवऱ्याला म्हणाल्या.

बुधवारी शाळा दुपारीच सुटते, म्हणून त्यांच्या लेकीनं, अश्लेषानं, दोघींना बुइटनव्हेल्डर्टच्या घरून ट्रामनं एका जुन्या तुर्की हमामात नेलं. शंभर वर्षांची इमारत, घुमटाला चांदण्यांसारखी भोकं, खाली तापलेला संगमरवरी चौथरा. "गुडघे मोकळे होतील, आई," ती म्हणाली, आणि ऐन वेळी ऑफिसचा कॉल आला म्हणून लॅपटॉप घेऊन बाहेरच बसली.

वृंदाबाई चौकड्यांचा पंचा घट्ट गुंडाळून चौथऱ्यावर टेकल्या. "पोळीसारखी शेकतेय मी," त्या पुटपुटल्या. संहिता खुदकन हसली. तेवढ्यात गुलसुम नावाची तिथली धिप्पाड तुर्की बाई आली आणि त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाली, "केसे?"

वृंदाबाईंनी दोन्ही हातांनी अंबाडा धरला. "केसांना हात लावायचा नाही. सांग तिला."

संहितानं डचमध्ये विचारलं. गुलसुमनं हातात खरखरीत कापडी पिशवी, म्हणजेच ती 'केसे', चढवली आणि हवेतच घासून दाखवलं.

"स्क्रब, आजी," संहिता म्हणाली. घुमटाखाली शब्द घुमला.

"क्रॅब? खेकडा? मी शाकाहारी आहे म्हणावं."

संहितानं कपाळाला हात लावला. मग स्वयंपाकघरातलं काहीतरी आठवून तिचा चेहरा उजळला. "आजी, ती तुझी कीस करणार. बटाट्यासारखी."

वृंदाबाईंच्या जिभेवर 'तुझा' आलाच होता, पण गुलसुमनं त्यांना पालथं घातलं आणि तो शब्द संगमरवरात दबला.

पाठीवर खरखर सुरू झाली. थोड्या वेळानं त्यांनी मान वळवून पाहिलं, तर दंडावरून मळाच्या काळपट वळ्या सुटत होत्या. दिवसातून दोनदा आंघोळ करणाऱ्या, वर्गात पोरांची नखं तपासणाऱ्या बाईंच्या दंडावरून. गुलसुम काहीतरी बोलली आणि शेजारच्या दोन बायका हसल्या.

"काय म्हणाली?"

संहिता घुटमळली. "सांगू? ती म्हणते, तू खूप मळ आहेस."

वाक्य अख्खं होतं. कर्ता, क्रियापद, सगळं जागच्या जागी; फक्त त्यात वृंदाबाई स्वतःच मळ झाल्या होत्या. 'अंगावर मळ आहे' असं म्हणायचं असतं, हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं. ते उघडलेलं पाहून संहितानं आपलं मिटायला घेतलं.

वृंदाबाईंनी तोंडातली दुरुस्ती गिळली.

"हो," त्या म्हणाल्या. "आहे मी मळ. आणखी काय म्हणते?"

"ती म्हणते, सगळे लोक मळ आहे. ती रोज बघते. तिची आजी पण मळ होता."

वृंदाबाईंनी डोळे मिटून घेतले. गुडघ्यांपेक्षा हे जास्त दुखत होतं. "बरं, मग?" त्या म्हणाल्या.

मग संहिता थांबेचना. परतीच्या ट्राममध्ये तिनं आईचा फोन घेऊन थेट पुणं गाठलं. "आजोबा, आजीची कीस पडली. खूप मोठी कीस."

"पडली का एकदाची?" दामोदरराव म्हणाले. "दे बघू तिला फोन."

संहितानं आजीकडे नीट निरखून पाहिलं.

"ती नाही बोलणार," ती म्हणाली. "ती ओठ चावतो."