पणजोबांच्या ओट्यावरचं खोकड

समाध्यांच्या जुन्या माळावर मोरदऱ्याची माणसं जायची ती चौघांच्या खांद्यावरून, आणि तेही बंद होऊन जमाना झाला होता. स्वतःच्या पायांनी तिथं जाणारी एकटी स्वप्ना होती.

गाव आष्टीपासून थोडं आत. गावातली काही घराणी पहिल्यापासून माणूस जाळत नाहीत, पुरतात. श्रीमंत असला तर वर घडीव दगडांचा ओटा, गरीब असला तर नुसती दगडांची रास. पुढं सडकेच्या कडेला नवी स्मशानभूमी झाली. तिला पत्र्याचं शेड आलं, बसायला बाकडी आली, देणगीदारांच्या नावांची फरशी आली. जुन्या माळाकडं कुणी फिरकेना. तिथं बोरी-बाभळी माजल्या, ओट्यांचे दगड निसटले, आणि माणसांनी सोडलेली जागा जनावरांनी हळूहळू ताब्यात घेतली.

स्वप्नाचा आष्टीच्या बाजारात फोटो स्टुडिओ होता. हळद, लग्न, डोहाळजेवण, बारसं, वाढदिवस, असं माणसाचं सगळं आयुष्य ती उतरवून द्यायची. नवरदेवाला 'दादा, जरा हसा की' म्हणून म्हणून तिचेच गाल दुखायला लागायचे. त्यामुळं उन्हाळ्याच्या तोंडाला मधेच मुहूर्त थांबले, की ती लांब लेन्स लावून सकाळीच माळावर जायची. ओट्यावर ऊन खात पडलेली घोरपड, दगडांच्या फटीतून मान काढणारं मुंगूस, अंड्यांजवळ कुणी गेलं की सगळा माळ डोक्यावर घेणारी टिटवी, यांच्यात तिचा वेळ कसा जाई ते तिला कळत नसे.

नवरा आदिनाथ पिकअपमधून शेळ्या-मेंढ्या बाजारोबाजारी पोचवायचा. त्याची काही हरकत नव्हती, कारण तो घरी नसायचाच. हरकत होती ती सासूची.

"मसनात कावून जाती गं तू?" शेळ्या सोडता सोडता बायनाबाई विचारायची. "जित्या मान्साचे फोटू सरले का?"

"तिथं कुणी मला गोरं करा म्हणत न्हाई, आत्या."

"लोकं काय म्हणत्यात, हाय का ठावं?"

"काय म्हणत्यात?"

"मला कुटं सांगत्यात. माझ्या मागं म्हणत्यात."

माळावर सगळ्यात मोठा ओटा मधोमध होता. वर चुन्याचे इतके थर चढलेले, की पुढच्या दगडावर काही कोरलं होतं की नुसता उंचसखलपणा होता, ते कळत नव्हतं. एका बाजूचे दगड निखळून खाली बीळ झालं होतं, आणि त्या बिळात खोकडानं पिल्लं घातली होती. खोकड म्हणजे कोल्ह्याचं धाकटं भावंडच. अंगानं मांजरापेक्षा थोडं मोठं, काळ्या टोकाची झुपकेदार शेपटी आणि चेहऱ्यावर कायम काहीतरी ऐकू आल्याचा भाव. पहिले काही दिवस मादी स्वप्नाला बघून पळायची. मग पळणं सोडून नुसती बघायला लागली. एके दिवशी ऊन कलताना ती ओट्यावर चढली, पुढचे पाय जुळवून ताठ बसली आणि सरळ लेन्समध्ये बघत राहिली. स्वप्नानं श्वास धरून फोटो काढला. असा फोटो तिच्या हातून याआधी निघाला नव्हता. घरी येऊन तिनं तो स्टेटसला ठेवला आणि भाकरी थापायला बसली.

दुसऱ्या दिवशी दारात पांढरी गाडी उभी राहिली. सोमनाथ आण्णा आले होते.

आण्णा मागं पंचायत समितीत होते, पुढं जिल्हा परिषदेत जाणार होते, आणि मधल्या काळात निवडणूक कधी लागते याची वाट बघत होते. त्यांनी मोबाईल पुढं केला. स्टेटसवरचा फोटो कुणी कुणी पुढं पाठवत त्यांच्यापर्यंत पोचला होता.

"सूनबाई, हा ओटा कुनाचा हाय, म्हाईत हाय का?"

"न्हाई, आण्णा."

"आमच्या पंजोबांचा! रखमाजी पाटलांचा!" आण्णांचा आवाज भरून आला. "काय त्यांची बैठक! काय नजर! डोळ्यात पानी आलं बघा."

आण्णा खोकडाबद्दल बोलत होते हे कळायला स्वप्नाला थोडा वेळ लागला. पणजोबांनी खुद्द दर्शन दिलं, निवडणुकीच्या तोंडावर दिलं, म्हणजे आशीर्वादच दिला, असं आण्णांचं म्हणणं पडलं. पणजोबांच्या समाधीवर ते याआधी कधी गेले होते, असं बायनाबाईनं चहा देताना भोळेपणानं विचारलं. आण्णा म्हणाले, "मनानं रोजच."

त्यांना या फोटोचं आष्टीच्या चौकात बॅनर लावायचं होतं. एका बाजूला खोकड, एका बाजूला हात जोडलेले आण्णा. अडचण एकच होती.

"कोल्ह्यावानी दिसतंय ते," आण्णा खाली आवाजात म्हणाले. "आशीर्वाद खरा, पर इरोधक त्याचा इपरीत अर्थ काडतील. तुमच्या कम्प्युटरात त्याचा वाघ हुतो का?"

"न्हाई हो, आण्णा."

"निदान बिबट्या? आपल्या भागात बिबट्या म्हनलं की लोकं इज्जत देत्यात."

"नुसता फोटो न्यायचा तर न्या. जनावर बदलून मिळनार न्हाई."

आण्णांनी फोटो नेला. बॅनरवाल्यानं खोकडाच्या शेपटीवर पक्षाचं चिन्ह टाकलं, डोक्यामागं तेजोवलय काढलं आणि खाली लिहिलं, 'पूज्य पणजोबा रखमाजी पाटील यांच्या चरणी नतमस्तक'. चौकात पहिल्यांदा बघणाऱ्याला रखमाजी नेमके कोणते, हा प्रश्न पडल्यावाचून राहत नव्हता.

बॅनर लागलं आणि बजरंग तात्या उठले. तात्या म्हणजे आण्णांचेच भाऊबंद, पाटलांच्या धाकट्या पातीचे, म्हणजे शाखेचे. दोघांच्या पणजोबांचं एकमेकांशी पटलं नव्हतं. ते वैर पुढच्या पिढ्यांनी जमिनीसारखंच वाटून घेतलं होतं, आणि त्यात कुणाला कमी-जास्त आलं नव्हतं. तात्यांनी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून टाकला, की तो ओटा येमाजी पाटलांचा, म्हणजे त्यांच्या पणजोबांचा आहे. ते जनावर आण्णांना नव्हे, तात्यांना भेटायला आलं होतं. आण्णांनी पणजोबा चोरले आहेत.

जमीन चोरल्याचे, पाणी चोरल्याचे, मतं चोरल्याचे आरोप गावाला नवे नव्हते. पणजोबा चोरल्याचा हा पहिलाच. गाव खूश झालं.

आण्णांनी उत्तर म्हणून समाधीच्या जीर्णोद्धाराची घोषणा केली, आणि सकाळी जेसीबी माळावर पोचला. काट्या काढून मंडपाला जागा करायची, ओटा उचकटून नव्यानं बांधायचा, असा बेत होता. स्वप्ना कॅमेरा गळ्यात घालून धावतच गेली. मागोमाग शेळ्या तशाच टाकून बायनाबाई गेली, सुनेला परत आणायला.

"आण्णा, खाली पिल्लं हायेत," स्वप्ना म्हणाली. "मोठी हून बाहेर पडस्तोर थांबा."

"पिल्लांचं काय एवडं? पिल्लं मतदान करत्यात व्हय?" आण्णांच्या मागच्या माणसांतला एकजण म्हणाला, आणि बाकीचे ठरल्यासारखे हसले.

"तुमीच म्हनले ना, पंजोबांचा आशीर्वाद हाय म्हनून? मग आशीर्वादाच्या घरावर जेसीबी घालता?"

आण्णा म्हणाले, "आशीर्वाद आता आमच्यापाशी आलाय, सूनबाई. जनावराचं काम झालं."

जेसीबीनं तोंड वळवलं. या माणसांशी पिल्लांच्या भाषेत बोलून उपयोग नाही, हे स्वप्नाला कळलं. तेवढ्यात तात्यांची मोटारसायकलींची रांग माळावर चढताना दिसली, आणि तिला सुचलं.

"आण्णा, एक इचारू? वरचं नाव कुनी वाचलंय का?" ती मोठ्यानं म्हणाली. "न्हाई, म्हनलं, खर्च तुमचा, मंडप तुमचा, जेवनावळ तुमची, अन् उद्या चुना निघाल्यावर आत येमाजी पाटील निघाले तर?"

आण्णांनी हात वर केला. जेसीबी थांबला. त्यांच्या डोळ्यांसमोरून जेवणाच्या पंगती आणि मानाच्या पाटावर बसलेले तात्या सरकून गेले असावेत.

तात्या येताच त्यांनीही नाव वाचायची मागणी केली. दोघांनाही खात्री होती. वाद पेटला तेव्हाच दोघांनी आपापले हार घालून ठेवले होते, त्यामुळं दगड फुलांखाली झाकून गेला होता. गावचा गवंडी बिभीषण याला बोलावलं. त्यानं हार बाजूला केले, पाणी मारलं आणि तारेच्या ब्रशनं घासायला सुरुवात केली. सगळा गाव ओट्याभोवती जमला. बायनाबाईला सुनेला घरी न्यायचं होतं, पण आता तीच सगळ्यांच्या पुढं जाऊन दगडावर बसली होती.

"काय दिसतंय रं?" आण्णांनी विचारलं.

"पाय दिसाया लागले, आण्णा."

लोकांनी हात जोडले. आण्णांनी टोपी नीट केली.

"किती पाय?" तात्यांनी विचारलं.

"चार."

लोकांचे जोडलेले हात सुटले. मग आण्णांचा चेहरा उजळला. "घोड्याचे! पंजोबा घोड्यावर हुते! आमच्या घरान्यात घोडी हुती म्हनून मी लहानपनापासून ऐकतोय!"

"घोडी आमच्या येमाजीची हुती," तात्या ओरडले. "तुमचा रखमाजी पायी फिरायचा!"

"बिभीषण, घास तू!"

बिभीषण घासत वर गेला. घोडीचं पोट आलं, मान आली, आयाळ आली. दगड फार सुरेख कोरलेला होता. ब्रश पाठीवर पोचला, तसे दोन्ही बाजूंचे लोक माना लांब करून पुढं सरकले.

"वर कोन हाय?" आण्णांनी टाचा उंचावून विचारलं.

बिभीषणनं पाणी मारलं, पुसलं, परत पुसलं.

"वर कुनीच न्हाई, आण्णा."

"कुनीच न्हाई म्हंजे?"

"नुसती घोडी हाय. खाली लिवलंय." त्यानं बोट फिरवत एकेक अक्षर वाचलं. "इमानी... हरणी... घोडी."

सगळ्यात आधी हसली ती बायनाबाई. पदर तोंडात कोंबूनही तिला हसू आवरेना, आणि मग ते माळभर पसरलं. दोन घराण्यांनी मिळून जिला पणजोबा केलं होतं, ती घोडी होती. पणजोबांसाठी त्या काळच्या लेकरांनी काय बांधलं होतं, कुणाला माहीत. असतील तिथंच कुठंतरी, बोरीखालच्या एखाद्या दगडाच्या राशीत. ते शोधावेत असं दोघांपैकी कुणाच्याही मनात आलं नाही.

आण्णा सावरले. ते तात्यांकडं वळून अतिशय नम्रपणे म्हणाले, "तात्या, तुमचंच बरुबर हुतं. ही समाधी तुमच्याच घरान्याची."

"छे छे," तात्या दोन पावलं मागं सरकले. "थोरली पाती तुमची. मान तुमचा."

"तुमीच म्हनले ना, घोडी येमाजीची?"

"मला काय म्हाईत! मी तवा हुतो का?"

पिढ्यानपिढ्या एकमेकांचा हक्क हिसकावणारी ती दोन घराणी त्या सकाळी एकमेकांना हक्क देत होती. जेसीबी परत गेला. चौकातलं बॅनर दुपारच्या आत उतरलं. ते कुणी उतरवलं हे आण्णांनाही माहीत नाही, असं आण्णाच म्हणाले.

स्वप्ना मात्र हसली नव्हती. गर्दी पांगल्यावर ती ओट्याच्या बाजूला गेली. बिळाच्या तोंडाशी पायांनी तुडवून चिखल झाला होता, हारांची सुतळी पडली होती, पाण्याच्या बाटल्या पडल्या होत्या. संध्याकाळपर्यंत ती दूर बसून राहिली, दुसऱ्या दिवशीही गेली, तिसऱ्या दिवशीही. बीळ रिकामं होतं. एवढ्या माणसांच्या गोंगाटात मादीनं पिल्लं कधीच हलवली असणार. हलवली की काही बरंवाईट झालं, हे कळायला मार्ग नव्हता. फोटो स्टेटसला ठेवला नसता तर, हा एकच विचार तिच्या डोक्यात फिरत राहिला. तिनं कॅमेरा कपाटात ठेवला. मुहूर्त सुरू झाले की काढायचाच होता.

बायनाबाईनं हे काही दिवस बघितलं. मग एका सकाळी शेळ्या सोडताना ती म्हणाली, "घे तुजं यंतर. चल संगं."

"कुठं?"

"इचारू नगं. अन् लई बोलू बी नगं."

गावाच्या दुसऱ्या अंगाला एक मोठं पडीक रान होतं. तारेचं कुंपण, आत गुडघ्याच्या वर कुसळी गवत, आणि मधोमध काळ्या संगमरवराची कोनशिला. तिच्यावर लिहिलं होतं, की या ठिकाणी होणाऱ्या भव्य बालोद्यानाचं भूमिपूजन सोमनाथ आण्णांच्या शुभहस्ते झालं. कोनशिलेचा चौथरा एका बाजूनं खचला होता. बायनाबाईनं सुनेला बांधाआड बसवलं आणि शेळ्या लांब वळवल्या.

पुष्कळ वेळानं चौथऱ्याखालून एक डोकं बाहेर आलं. मग दुसरं, मग तिसरं. पिल्लं एकमेकांची शेपटी धरून ओढायला लागली. एक कोनशिलेवर चढायला गेलं आणि आण्णांच्या नावावरून घसरून खाली पडलं. मादी थोडी लांब, कुसळीत बसून सगळ्यांवर नजर ठेवून होती. स्वप्नानं कॅमेरा डोळ्याला लावला, पण समोरचं सगळं धूसर दिसत होतं. लेन्स पुसली तरी धूसरच. मग तिनं डोळे पुसले.

बायनाबाई रांगत येऊन तिच्याशेजारी टेकली.

"इथं कुनी यील का, आत्या?" स्वप्नानं हळूच विचारलं.

बायनाबाईनं कोनशिलेकडं पाहिलं, कुंपणाकडं पाहिलं, मग पिल्लांकडं पाहिलं.

"बाग व्हायची हाय न्हवं इथं," ती म्हणाली. "मंग कोन येतंय."